कुपटेकर सरांचे दोन तुकडे

कुपटेकर सरांची शोकसभा परभणीतल्या एका मंगल कार्यालयाच्या लहान खोलीत झाली. जे बोलायला उठले त्या प्रत्येकाने दोन तुकड्यांची गोष्ट सांगितली. शेवटच्या वक्त्याने, सर आयुष्यात कधी चुकले नाहीत, असे सांगितले आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात ठळक अक्षरांत आले. बातमी माझी नव्हती. मागच्या रांगेत बालाजी गव्हाणे बसला होता. तो सरांचा सर्वांत जवळचा विद्यार्थी. त्याला कुणी बोलायला सांगितले नाही आणि तोही उठला नाही.

दोन तुकड्यांची गोष्ट अशी. लोक ज्या खिशात पेन किंवा चष्मा ठेवतात त्या खिशात सरांकडे ॲल्युमिनियमचे बोटाएवढे दोन मोडलेले तुकडे असत. समोर कुणीही आले की सर ते काढून तळहातावर ठेवत, मोडलेली बाजू वर. एकाची मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चमके. दुसऱ्याची राखाडी, मखमलीसारखी दिसे.

"यातला चांगला कोणता?" सर विचारत.

माणूस चमकणाऱ्या तुकड्याकडे बोट दाखवी. मग सर नाकातून हसत. तोंड मिटलेले असे, फक्त नाकपुड्या हलत. "जाड दाणा," ते म्हणत आणि तुकडे खिशात टाकत. एवढ्यावर ते समोरच्याला निकालात काढत. चहाच्या टपरीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे या परीक्षेत नापास झाले होते. माझ्या काकांच्या तेराव्याच्या जेवणात सरांनी माझ्या चुलत भावापुढेही तळहात धरला. त्याच्या डोक्यावर अजून केस उगवलेले नव्हते. त्यानेही चमकणारा तुकडा दाखवला. सर हसले, आणि मग जिलेबीसाठी पान पुढे केले.

या खेळामागचे शास्त्र खरे होते. शुद्ध ॲल्युमिनियम साच्यात नीट पसरत नाही, म्हणून ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलेला असतो. रस गोठू लागला की सिलिकॉन वेगळा होतो आणि त्याचे स्फटिक बनतात. त्यांना मोकळे सोडले तर ते जाड, चपट्या, टोकदार पात्यांसारखे वाढतात. वस्तूवर ताण आला की तडा या पात्यांच्या वाटेने धावतो. मोडलेल्या जागी चमकतात ती हीच पाती. रसात अगदी थोडा सोडियम किंवा स्ट्रॉन्शियम घातला तर तेच स्फटिक बारीक, तंतूंसारखे होतात. मोडलेली बाजू मग चमकत नाही, राखाडी दिसते. पण वस्तू मोडण्याआधी वाकते, माणसाला सावध होण्याइतका वेळ देते. सर यासाठी बाभळीचा काटा आणि सरकीवरची लव अशी जोडी वापरत. कापसाच्या मुलखातल्या विद्यार्थ्याला ती एका वाक्यात कळे.

सर एका तंत्रशाळेत शिकवत. तिथे एक जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या भिंगाला डोळा लावलेला असताना सरांचा आवाज बदले. "ये, बघ इकडे. काटे कसे गेले बघ," असे ते म्हणत आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जागा करून देत. त्या वेळी ते कुणालाही हसत नसत. सरांच्या बाजूने लिहिण्यासारखे एवढेच आहे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद झाला की तेच मूल पुन्हा जाड दाणा होई.

निवृत्तीनंतर दिवा कायमचाच बंद झाला. मग त्यांनी घरातल्या आणि शेजाऱ्यांच्या वस्तू मोडायला सुरुवात केली. कढयांचे कान, कुकरच्या मुठी, शिलाई मशीनचा एक पाय. शेजारी पाठक नावाचे गृहस्थ राहत. कृषी विद्यापीठात कारकून होते. एका सकाळी ते कामावर निघाले असताना सरांनी त्यांच्या मोपेडच्या ब्रेकचा दांडा पाहायला मागितला. पाना आणून तो सोडवला, खिडकीच्या गजांत अडकवला आणि जोर लावून मोडला.

"बघा पाठक. जाड दाणा. रोज मरण मुठीत धरून जात होता तुम्ही."

पाठकांनी दोन्ही तुकडे पाहिले. "सर, पण तुम्ही मोडला नसता तर तो मोडला नसता की."

"मोडला म्हणजे कच्चाच होता."

पाठक त्या दिवशी ऑटोने गेले. नवा दांडा त्यांनीच आणला. सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांच्याकडे चहा घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात एका कढईला कान राहिला न्हाई, भाऊ. ह्यांना दुरुस्त काय करता येत न्हाई. मोडून तेवढं दाखवता येतं." ही गोष्ट काकूंनी नंतर मलाही सांगितली. त्या हसत नव्हत्या.

सर आमच्या कार्यालयातही येत. स्वतःच्या कार्यक्रमांच्या बातम्या ते स्वतः सांगत, तृतीयपुरुषी. उपसंपादकाच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे पाहत. "'धातुतज्ज्ञ'च्या आधी 'ज्येष्ठ' राहिलंय," असे एकदा म्हणाले. उपसंपादकाने 'ज्येष्ठ' घातले, सर गेले, उपसंपादकाने 'ज्येष्ठ' काढले. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले. संपादकांच्या टेबलावर तळहात ठेवून त्यांनी दोन तुकडे दाखवले. संपादकांनी चमकणाऱ्याकडे बोट केले आणि सरांचे समाधान झाले.

या माणसावर बालाजी गव्हाणेची श्रद्धा होती. बालाजी पोखर्णीच्या बाजूचा, बेताच्या शेतीतला. तंत्रशाळेतून शिकून त्याने औद्योगिक वसाहतीत ओतकामाची छोटी भट्टी टाकली होती. मोटारींची झाकणे, तुषार सिंचनाचे जोड, असा माल निघे. भट्टीवर एकच गादीची खुर्ची होती. ती सरांची. सर रोज सकाळी येत, तिच्यावर बसत आणि कामगारांना नावे ठेवत. बालाजी त्यांच्यासमोर कधी बसला नाही. स्वतःच्या भट्टीत तो सरांच्या परवानगीने चहा पिई. बायकोने बोलून पाहिले, भावाने बोलून पाहिले. त्याचे उत्तर ठरलेले होते. "सरांमुळं हाय मी. ते नसते तर भंगार वेचत बसलो असतो." ही श्रद्धा पाहायला बरी वाटत नसे.

सेलूच्या बाहेतीशेठनी त्याला काम देऊ केले तेव्हा बालाजीच्या भट्टीचे भवितव्य त्यावर ठरणार होते. शेठची जिनिंग होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापूस नळ्यांमधून पंख्याने ओढला जातो. पंख्याचे लोखंडी पाते कुठे घासले, खडा लागला, की ठिणगी पडण्याचे भय. आणि कापसात ठिणगी म्हणजे सगळी जिनिंग जळून खाक. म्हणून शेठना ॲल्युमिनियमची पाती हवी होती. पहिली खेप नीट चालली तर आसपासच्या सगळ्या जिनिंगचे काम बालाजीकडे येणार होते. पण पंख्याजवळ माणसे उभी राहतात. मोडणारे पाते चालणार नव्हते. बालाजीने हे सरांना सांगितले तेव्हा मी भट्टीवर होतो.

"सर, स्ट्रॉन्शियमची कांडी मागवू का? लय येळ टिकतं म्हणतेत त्याचं काम. घाई ऱ्हात न्हाई."

"कांडी टाकली, विरघळली. त्यात पाहायला काय आहे?" सर म्हणाले. "सोडियम वापरायचा. मी स्वतः घालणार."

सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. रसात खाली दाबला की भडका उठतो, पिवळीधमक ज्योत, पांढरा धूर. पाहणारे मागे सरकतात. दोष एकच, तो उडून जातो. पाव तास, फार तर अर्धा. मग सिलिकॉन पुन्हा आपल्या मूळ वळणावर जातो. सरांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. त्यांनी ज्योतीची निवड केली.

पहिल्या ओतकामाचा समारंभ करायचा हेही सरांनीच ठरवले. एका उद्योजक संघटनेचे पदाधिकारी पाहुणे म्हणून बोलावले, मंडप घातला, फेटेवाला सांगितला, आणि पत्रकार म्हणून मला. फलकावर सरांचा फोटो पाहुण्यांच्या फोटोएवढा होता. बालाजीचे नाव खाली, निमंत्रक म्हणून.

पाहुण्यांची गाडी वसाहतीच्या फाटकात आली असा फोन येताच सरांनी सोडियम दाबला. पाहुणे मंडपात शिरतील आणि ज्योत दिसेल असा हिशेब होता, आणि तो बरोबर उतरला. पिवळा भडका पाहून पाहुणे दारातच थांबले. टाळ्या झाल्या. इथवर सगळे ठीक होते. आता ओतायला हवे होते.

त्याऐवजी फेटे आले. आधी पाहुण्यांना, मग पाहुण्यांसोबतच्यांना, मग सरांना. सरांचा फेटा सैल झाला म्हणून तो सोडून पुन्हा बांधला. मग शाली आणि नारळ. मग पाहुण्यांचे मनोगत. मग सर उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे मुशीत रस तसाच होता. सर सांगत होते, "या किमयेला आयुष्य फार थोडं असतं, मित्रहो. सोडियम घातला की वेळ दवडून चालत नाही. जो वेळ दवडतो तो जाड दाणा."

मंडप हसला. बालाजी बाजूने पुढे आला. त्याच्याही डोक्यावर फेटा होता आणि त्याखालून घाम उतरत होता.

"सर, वतू का? लय येळ झालाय."

"गव्हाणे, मध्ये बोलू नको."

"न्हाई सर, तुमीच आत्ता म्हणले..."

"मी काय म्हणालो ते तू मला सांगणार?"

बालाजी मागे सरला. सोडियम पुन्हा घालता आला असता. डबा तिथेच होता. त्यासाठी पहिला वाया गेला हे चारचौघांत मान्य करावे लागले असते. सरांना ते करायचे नव्हते आणि बालाजीला सरांच्या हुकमाशिवाय काही करता येत नव्हते. या दोघांत जास्त कीव कुणाची करावी हे मला तेव्हाही ठरवता आले नाही.

सरांचा एक नियम होता. आधी थोडा रस काढून नमुन्याची कांडी ओतायची, ती मोडून पाहायची, दाणा बारीक असेल तरच साचे भरायचे. विद्यार्थ्यांनी हा क्रम चुकवला तर ते त्यांना वर्गाबाहेर उभे करत. त्या दिवशी क्रम उलटा होता, कारण पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते आणि त्यांचा हात पळीला लागलेला फोटो हवा होता. साचे भरले. मग नमुना ओतला. तो गार झाल्यावर सरांनी शिकंज्यात धरला आणि हातोड्याचा घाव घातला.

कांडी काचेसारखी तुटली. सरांनी तुकडा उचलला. मंडपाच्या फटीतून आलेले ऊन त्याच्यावर पडले आणि तो लखलखला.

"वा! काय चमकतंय!" पाहुणे म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या.

मी सरांकडे पाहत होतो. ज्या उत्तरावर ते सगळ्या जिल्ह्याला हसत आले होते तेच उत्तर आता अख्खा मंडप एका आवाजात देत होता. त्यांनी तुकड्याकडे पाहिले, पाहुण्यांकडे पाहिले. नाकपुड्या हलल्या नाहीत. त्यांनी तुकडा मुठीत घेतला, दोन्ही हात जोडले आणि मान तुकवून टाळ्या स्वीकारल्या.

पाहुणे गेल्यावर मी विचारले, "सर, हा जाड दाणा ना?"

"उजेडामुळे तसं दिसतं," ते म्हणाले.

बालाजी शेजारीच उभा होता. शिकंज्यात उरलेला अर्धा भाग त्याच्या हातात होता, आणि तो वाचायला त्याला सरांनीच शिकवले होते. "सर, हा माल पाठवायचा का?" त्याने विचारले.

"फोटो झालेत, शेठला निरोप गेलाय. पाठव. पात्यावर फार ताण नसतो."

बालाजीने माल पाठवला.

पाती सेलूत पंख्यावर चढली. कापूस न सोडता पंखा नुसता फिरवून पाहिला तेव्हा एक पाते मुळातून तुटले आणि पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या खोक्यावर आदळले. पत्रा बाहेर फुगला. पंख्याजवळ उभा असलेला गडी तंबाखू थुंकायला दारापर्यंत गेला होता, म्हणून वाचला. बाहेतीशेठनी सर आणि बालाजी दोघांनाही बोलावून घेतले. सरांनी मला फोन केला. "चला सेलूला. पत्रकार सोबत असलेला बरा. बोलताना लोक भान ठेवतात." बालाजीच्या टेंपोत बसायला सरांना कमीपणा वाटे, म्हणून आम्ही तिघे रेल्वेने गेलो.

शेठच्या गादीवर कापसाचे नमुने ठेवलेले होते आणि त्यांच्या मधोमध ते तुटके पाते. शेठ रागावलेले दिसत नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हते. त्यांनी पाते सरांपुढे सरकवले.

"सर, आतून बघा, चांदीवाणी चमकायलंय. माल इतका नामी, मग मोडला कसा?"

या प्रश्नाचे उत्तर त्या गावात एकाच माणसाच्या खिशात होते. सरांनी खिशाला हात लावलादेखील. मग हात खाली आला.

"भंगारात खोट असणार," सर म्हणाले. "माझी प्रक्रिया निर्दोष आहे. कच्चा माल गव्हाणेनं निवडला."

शेठ बालाजीकडे वळले. "काय रे?"

बालाजी सरांकडे पाहत राहिला. तो काही मागत नव्हता. फक्त वाट पाहत होता, वर्गात पाहत असेल तशी. सर कापसाच्या नमुन्यांकडे पाहत होते. त्यांनी एका नमुन्यातली सरकी चिमटीत धरली होती आणि तिच्यावरची लव अंगठ्याने घासत होते.

"व्हय शेठ," बालाजी म्हणाला. "माझ्याकडूनच चूक झाली."

"मग भाऊ, हे काम तुला जमायचं न्हाई. माणूस मेला असता खामखा." शेठनी पाते उचलून कोपऱ्यात टाकले. "आन् दुसऱ्या जिनिंगवाल्यानं इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. बाकावर सर बसले, त्यांच्या शेजारी एक म्हातारी होती, पायाशी भाजीचे गाठोडे. बालाजी नेहमीप्रमाणे उभा. थोड्या वेळाने सरांची मान पुन्हा ताठ झाली. खिशातून तुकडे निघाले आणि तळहात म्हातारीपुढे गेला. समारंभातला लखलखता तुकडा मी ओळखला. जुना काढून त्यांनी तो घातला होता. जास्त चमके म्हणून असेल.

"आजी, यातला चांगला कोणता?"

म्हातारीने घाई केली नाही. दोन्ही तुकडे उचलून तिने मोडलेल्या बाजूंवर अंगठा फिरवला. मग राखाडी तुकडा वर धरला.

"ह्यो बरा. त्यो नुसता चमकायलाय. हाताला टोचायलाय बी."

इतक्या माणसांत बरोबर उत्तर देणारी मी पाहिलेली ती पहिलीच. सर हसण्यासाठी तयार झाले होते. नाकपुड्या हलल्याही होत्या. त्या तशाच थांबल्या.

"चूक," सर म्हणाले.

म्हातारी ओशाळली. "आमाला काय कळतंय, बाबा," म्हणाली आणि तुकडे परत देऊ लागली.

"न्हाई मावशी." बालाजीचा आवाज मोठा नव्हता. "तुमचं बरोबर हाय."

सरांनी वर पाहिले. "गव्हाणे."

"बरोबर हाय तुमचं," बालाजी पुन्हा म्हातारीलाच म्हणाला. "त्यो कच्चा हाय. रस तसाच ठिवला, येळेत वतला न्हाई, दवा उडून गेली. म्हणून काटे वाढले त्यात."

एवढे एक वाक्य शेठच्या गादीवर बोलले गेले असते तर भट्टी वाचली असती. म्हातारीला त्यातले काही कळले नसावे. तिने एकदा बसलेल्याकडे पाहिले, एकदा उभ्या असलेल्याकडे, आणि तुकडे कुणाचे ते आपल्या मनाने ठरवून बालाजीच्या हातात ठेवले. गाठोडे उचलून ती पुढे, जनरल डबा लागतो तिकडे चालू लागली. गाडी दिसू लागली होती.

सरांनी तळहात पुढे केला. बालाजीने तुकडे आपल्या खिशात टाकले आणि म्हातारीच्या गाठोड्याला हात द्यायला गेला.

त्या दिवसानंतर मी कुपटेकर सरांना पाहिले नाही. गाडी फलाटाला लागली, लोक चढले-उतरले, आम्हीही चढलो, आणि ते बाकावर तसेच होते. तळहात अजून पुढे होता. रिकामा.